तिसऱ्या अंकातले अकरा सेकंद

कराडच्या प्रयोगात मी भारतीताईंचा पॉज खाल्ला.

नाटकाबाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. म्हणून सांगते. मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचा. सव्वीस वर्षं हेच करते आहे. कुठे शिकले नाही. सांगलीत बाबांच्या हौशी मंडळात एकदा प्रॉम्प्टर आला नाही म्हणून मला बसवलं, ती आजवर उठले नाही. या कामात शब्द उशिरा दिला तर शिव्या बसतात. चुकीचा दिला तर आठवडाभर कोणी चहा विचारत नाही. पण नट मुद्दाम थांबलेला असताना तो विसरला असं समजून शब्द दिला, तर त्याला शिक्षाच नाही, इतकं ते वाईट.

आमच्या ‘दुसरी किल्ली’ नाटकात अठरा वर्षांनी मुलगा घरी परततो. तिसऱ्या अंकात तो दारात उभा राहून विचारतो, “आई, आत येऊ?” आई म्हणजे भारतीताई. त्या थांबतात. अकरा सेकंद. मग म्हणतात, “चपला बाहेर काढ.” बस. आधीचे दोन तास म्हणजे त्या दारापर्यंत यायचा रस्ता.

कराडला मी चौथ्या सेकंदाला म्हणाले, “चपला बाहेर काढ.” ताईंच्या कानामागे अडकवलेल्या झरोक्याच्या आकड्यात माझा आवाज थेट गेला आणि त्या वाक्य म्हणून मोकळ्या झाल्या. टाळ्या नेहमीच्या जागी पडल्या. कोणाला काही कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. एकोणसत्तर वर्षांच्या आहेत, पण रागावल्या की चाळीसच्या दिसतात.

“शलाका, मी मध्येच मेले होते का गं?”

“ताई, असं काय…”

“नाही, विचारते आपलं. तू मला ओलांडून पुढे गेलीस, म्हणून वाटलं.”

“झरोक्याने ‘विस्मरण’ दाखवलं मला.”

“त्याने दाखवलं. तू काय बघत होतीस?”

मी त्यांच्याकडेच बघत होते, शपथेवर सांगते. आणि त्याच वेळी मुलीने नव्या घराला लावलेल्या पडद्यांचे फोटोही बघत होते. दोन्ही एकदम, आणि दोन्ही नीट. तेच तर झरोक्याचं कौतुक.

झरोका आता ज्याच्या-त्याच्या कानामागे असतो, त्यामुळे तो नेमकं काय करतो हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा माहितीपुस्तिका काढून वाचली. मला समजलं ते असं. आपल्याला वाटतं, लक्ष म्हणजे टॉर्च, रोखला की सलग उजेड. तसं नसतं. ते जुन्या ट्यूबलाइटसारखं असतं. सलग दिसतं, पण लुकलुकत असतं. मेंदू समोरच्या गोष्टीकडे बघतो, सोडतो, परत बघतो, सेकंदाला पाच-सहा वेळा. सोडतो त्या क्षणात तो आजूबाजूला एक चक्कर टाकून येतो. चरणारी गाय मधूनच मान वर करते ना, तसं. वासरू कुठे गेलं, वास कसला येतोय, पानं का हलली. काही विशेष नसलं की पुन्हा गवत.

कंपनीने केलं एवढंच, की मान वर करायच्या त्या फटींमध्ये माल भरला. कानामागचा आकडा कातडीवरून मेंदूच्या लहरी टिपतो, समोर चाललेल्या आवाजाची लय धरतो, पुढची फट कधी येणार ते ओळखतो, आणि फोनमधलं जे काही असेल ते चिमूटचिमूट तिथे सोडतो. निरोप, फोटो, मॅच. समोरच्या कामातला एक शब्दही हुकत नाही. जाहिरात अशी होती: ‘आता लक्ष विचलित होणारच नाही.’ आणि होत नाही. परीक्षा घ्या, पैकीच्या पैकी गुण. फक्त गाय मान वर करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनच्या दुकानात गेले आणि ‘इवला’ नावाचा साधा फोन मागितला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, राखाडी रंगाचा. दुकानदाराने तो खालच्या खणातून, उदबत्तीच्या पुड्यांमागून काढला.

“दहावी आहे का ताई मुलाची?”

“नाही.”

“मग सासूबाईंना?”

“मला.”

त्याने आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघितलं, सोबत कोणी जबाबदार माणूस आलंय का म्हणून.

“याच्यात काही नाही हो पण.”

“तेच पाहिजे.”

“म्हणजे बघा, फोन येतो, जातो. चार ओळींचा निरोप. गजर. संपलं. झरोका जोडताच येत नाही याला.”

“बॅटरी?”

“ती मात्र नऊ दिवस जाते,” हे त्याने जरा दुःखानेच सांगितलं.

झरोका बंद करायला अर्ज भरावा लागतो. ‘कारण निवडा: आजारपण, मृत्यू, इतर.’ मी ‘इतर’वर बोट ठेवलं. मग ‘तुम्हाला खात्री आहे?’ असं त्याने तीनदा विचारलं. लग्नाच्या वेळीसुद्धा मला कोणी इतक्यांदा विचारलं नव्हतं.

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं दिवसभर होत होतं. तिसऱ्या दिवशी पोळ्या करताना कुठून तरी ओल्या चुन्याचा वास आला. कोणाकडे रंगकाम निघालंय बघावं म्हणून वळले आणि उजवं मनगट तव्यावर टेकलं. चांगलं भाजलं. लहान फोन घेतला की माणूस शहाणा होतो, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण रंगकाम समोरच्या देशिंगकरांकडे होतं, हे मला कळलं. त्यांच्याकडे मुलीचं लग्न ठरलंय, हेही कळलं. गेले चार महिने मी त्याच खिडकीतून बघत होते.

संध्याकाळी पराग, म्हणजे माझा नवरा, पाटबंधारे खात्यातून घरी आला. जेवायला बसलो.

“ताई चार दिवस बोलल्या नाहीत रे माझ्याशी,” मी म्हणाले. “मला भीती वाटते, त्या नाटक सोडतील. वांग्यात मीठ कमी झालंय का?”

“किंचित.”

“तू ऐकतोयस ना?”

“ऐकतोय म्हणजे काय? तू म्हणालीस, ताई चार दिवस बोलल्या नाहीत, तुला भीती वाटते की त्या नाटक सोडतील, आणि वांग्यात मीठ कमी झालंय का. अजून काय ऐकायचं असतं?”

बरोबर होतं. एक शब्द खाली पडला नव्हता. मी त्याला डाव्या हाताने भाजी वाढत होते. उजव्या मनगटावर चार बोटं रुंद पांढरं बँडेज होतं. त्याबद्दल मी तोंडाने काही बोलले नव्हते, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी डाव हातात धरून गप्प राहिले.

“पुढे?” पराग म्हणाला.

झरोकेवाली माणसं हल्ली असंच करतात. समोरचा थांबला की लगेच ‘पुढे?’ म्हणतात.

“पुढे दहीभात,” मी म्हणाले.

शुक्रवारी विराज धावडेंचा फोन आला. हे आमचे निर्माते. वय अडतीस, वागायला सज्जन, आणि नाटकावर जीव आहे, ते नाकारत नाही.

“शलाकाताई, हे मी काय ऐकतोय? तुम्ही झरोका काढलात?”

“काढला.”

“अहो, रविवारी सांगलीला प्रयोग आहे. आपल्याच गावात. भारतीताई तीन महिन्यांत पाच वेळा अडल्यात. झरोका नसला तर तुम्हाला कळणार कसं?”

“सव्वीस वर्षं कसं कळत होतं?”

“तेव्हा दुसरा इलाज नव्हता.”

“विराज, कराडला मी झरोका लावूनच चुकले. रविवारी मला तशीच बसू द्या. चुकले तर स्वतःहून स्टूल सोडीन. तुम्हाला सांगायचीही वेळ येणार नाही.”

ते लगेच म्हणाले, “चालेल. पण रंगमंचावरचा आवाज संहितेशी ताडून ‘विस्मरण’ दाखवणारा टॅब मी स्वतः घेऊन तुमच्या मागे उभा राहणार.”

संध्याकाळी मी ताईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या कानाकडे बघितलं, मग मनगटाकडे.

“कशाने भाजलं?”

“तव्याने.”

“आत ये. कोरफड लाव आधी.” मग स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, “तू नाही लावणार, तर मी कशाला ते कानात लोंबकळत ठेवू? मोठ्याने शब्द द्यायला येतो ना अजून? की घसा बसला?”

रविवारचा प्रयोग दुपारी चारचा होता. आठशे माणसं. परागही होता, अकराव्या रांगेत. प्रेक्षकांच्या कानांमागचे बारीक हिरवे ठिपके विंगेतून दिसतात, अंधारात काजवे बसल्यासारखे. पहिले दोन अंक सुरळीत झाले. लोक हसायच्या जागी हसले. मी एकूण दोन शब्द दिले, एक ‘पावती’ आणि एक ‘मंगळवारी’. मोठ्याने द्यायला लागले, कारण ताईंच्या कानात काही नव्हतं. पण रंगमंचावरच्या माणसाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, असा एक आवाज असतो. तो बसला नव्हता.

तिसरा अंक आला. मुलगा दारात उभा राहिला.

“आई, आत येऊ?”

ताई थांबल्या.

मी मनात मोजत होते. चार. पाच. माझ्या मागे विराजच्या हातातला टॅब लाल झाला. ‘विस्मरण.’

“द्या,” विराज कुजबुजले.

मी ताईंचा हात बघत होते. नट विसरतो तेव्हा आधी बोटांतून जातो. डोळ्यांना खोटं बोलता येतं, नटाच्या डोळ्यांचा धंदाच तो आहे, पण बोटं भाबडी असतात. ताईंचा अंगठा पदराच्या काठावरून हळूहळू फिरत होता, चालत होता. आई विचार करत होती. अकरा झाले. बारा.

“शलाकाताई, गेल्या त्या. द्या शब्द!”

मी मान हलवली. ते टॅबवर काहीतरी दाबायला लागले. रंगमंचाच्या कडेला बसवलेल्या स्पीकरमधून वाक्य ऐकवायची सोय होती त्यात, अडीअडचणीसाठी. मग मी एक गोष्ट केली, जी सव्वीस वर्षांत केली नव्हती. उठले, त्यांच्या हातातून टॅब काढून घेतला, स्टुलावर ठेवला आणि त्याच्यावर बसले. माझं वजन सांगत नाही, पण टॅब पुन्हा काही बोलला नाही.

सोळा. सतरा.

आणि मग समोरचे हिरवे ठिपके विझायला लागले. आधी चार-दोन, मग रांगाच्या रांगा. त्याचं कारण मला नंतर कळलं. झरोका समोरच्या आवाजाची लय धरून फट शोधतो. समोर काहीच आवाज नसला की त्याला लय सापडत नाही, आणि मग तो चुकीच्या जागी माल टाकण्यापेक्षा थोडा वेळ गप्प बसतो. असं फारसं कधी होत नाही, कारण इतकं गप्प हल्ली कोणी कुठे बसत नाही. घरात नाही, देवळात नाही, मयतीला नाही. कंपनीने त्याची काळजीच केली नव्हती.

आठशे माणसांची लक्षं एकदम रिकामी झाली. खुर्च्या करकरल्या. कोणाचा तरी गुडघा वाजला. छताचा पंखा एका फेरीत एकदा खट् करतो, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. लोक इकडेतिकडे बघत होते, शेजारच्याकडे बघत होते, आणि मग सगळे, एकेक करून, त्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघायला लागले.

चोवीस.

“चपला बाहेर काढ,” ताई म्हणाल्या.

टाळी पडली नाही. कुठेतरी एक बाई रडल्यासारखी हसली. आणि बाल्कनीतून एका पुरुषाचा घोगरा आवाज आला, “वन्समोर!”

गाण्याला वन्समोर मिळतो. जुन्या संगीत नाटकांत एकेका पदाला चार-चार मिळायचे. गप्प उभं राहण्याला वन्समोर मी तरी ऐकला नव्हता. पण दुसरा आवाज आला, तिसरा आला, आणि थिएटर पायांनी जमीन बडवायला लागलं. मुलाचं काम करणारा नट बावरून विंगेकडे बघायला लागला. ताईंनी त्याला हाताने खूण केली: पुन्हा विचार.

“आई, आत येऊ?”

पुन्हा ती शांतता. पाच. दहा. या वेळी ठिपके आधीच विझलेले होते. पंधरा. मी अंगठ्याकडे बघितलं.

अंगठा थांबला होता.

पदर मुठीत घट्ट धरलेला, आणि अंगठा काठावर मेल्यासारखा पडलेला. चेहरा तोच, नजर तीच. समोरच्या आठशे जणांना सांगूनही पटलं नसतं. पण ताई तिथे नव्हत्या. शब्द नव्हता, मुलगा नव्हता, बहुधा घरही नव्हतं. माझ्या खालचा टॅब चालू असता, तर त्याने याही वेळी तेच लाल अक्षर दाखवलं असतं.

माझा तो ठेवणीतला आवाज निघालाच नाही. निघाला तो सरळ घरातला, मोठा.

“चपला!”

पहिल्या तीन रांगांनी ऐकलं. कोणीतरी खुदकन हसलं. ताईंचा अंगठा हलला.

“चपला बाहेर काढ,” त्या म्हणाल्या, आणि आता टाळ्या पडल्या त्या पडदा खाली आला तरी थांबेनात.

ग्रीनरूममध्ये विराज माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले. स्वतः उभे राहिले.

“ताई, मी चुकलो. कबूल. टॅबचंही जाऊ द्या. आता माझं ऐका. दहा प्रयोग फक्त झरोका लावून बसा. तुम्ही कधी थांबता, कधी शब्द देता, ते त्याला शिकू दे. जाहिरातीत तुमचं नाव घालतो, भारतीताईंच्या खालोखाल. मग आपल्या सगळ्या नाटकांना ते चालेल. महाराष्ट्रभर!”

“आणि मग?”

“मग काय? तुमच्यानंतरही ते राहील.”

चांगल्या मनाने म्हणत होते ते.

“विराज, झरोका लावला की मला अंगठा दिसत नाही. मला जे दिसत नाही, ते त्याला मी काय शिकवणार? पडदे?”

“कुठले पडदे?”

“सोडा. नाही लावणार.”

“एका माणसाच्या भरवशावर नाटक नाही हो ठेवता येत. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?” त्यांनी डोळे मिटून घेतले. “शनिवारी चिपळूण आहे. झरोका लावणार नसाल, तर विंगेत नका येऊ.”

आरशासमोर भारतीताई केसांतल्या पिना काढत होत्या. त्या वळल्या. “मग मीही येत नाही.”

“तुम्ही गप्प बसा ताई,” मी म्हणाले. असं मी त्यांना आयुष्यात बोलले नव्हते. “तुम्ही जायचं. आणि विराज, चिपळूणला मी येणार. विंगेत नसेन बसत, तर तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन. शब्द लागला तर तिथून देईन. तिकीट काढलेल्या माणसाला तुम्ही उठवू शकत नाही.”

“तुम्ही असं करणार नाही.”

“आत्ता तुमच्या टॅबवर कोण बसलं होतं?”

ताई आरशात बघून हसल्या.

बाहेर पोर्चमध्ये पराग स्कूटरपाशी उभा होता. गर्दी पांगत होती. त्याच्या कानामागचा ठिपका पुन्हा हिरवा झाला होता. प्रयोग छान झाला, असं काहीतरी तो म्हणाला आणि चावी लावता लावता थांबला. मी ‘पुढे?’ म्हणाले नाही.

“तुझ्या हाताला काय झालंय?” त्याने विचारलं.

“भाजलं. चार दिवस झाले.”

“चार दिवस?” तो माझा हात धरून उभाच राहिला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

शनिवारी मी सकाळच्या एसटीने चिपळूणला गेले. माझ्या फोनवर तिकीट काढता येत नाही, त्यामुळे खिडकीपाशी उभं राहावं लागलं. आतल्या माणसाने खुर्च्यांचा कागदी प्लॅन फडताळातून शोधून आणला आणि धूळ झटकली.

“पहिल्या रांगेतली मधली खुर्ची द्या.”

“तिथे मान दुखते हो.”

“दुखू दे.”

प्रयोग सुरू झाला. माझ्या जागेवरून डावी विंग दिसत होती. तिथे एका स्टँडवर नवा टॅब होता आणि शेजारी हाताची घडी घालून विराज. त्यांनी मला पाहिलं. मी मान लववून नमस्कार केला. भारतीताईंच्या कानामागे काहीही नव्हतं. पहिल्या रांगेतून तेवढं स्पष्ट दिसतं. दोन अंकांत त्या एकदाच अडखळल्या आणि आपल्या आपण सावरल्या. माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. त्यांना सारखं वाटत होतं की मी हे नाटक आधी पाहिलेलं आहे.

तिसऱ्या अंकात मुलगा दारात आला.

“आई, आत येऊ?”

ताई थांबल्या. विंगेतला टॅब लाल झाला. विराज स्टँडपाशी गेले, थबकले आणि त्यांनी तिथून थेट माझ्याकडे बघितलं. मी ताईंचा हात बघत होते.

दहा. पंधरा. मागे कुठेतरी खुर्ची करकरली. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी वाकले.

“विसरल्या वाटतं.”

“नाही,” मी म्हणाले. “गप्प बसा.”